मिठाच्या सायडिंगवरची सहल

सहलीच्या बाबतीत दत्तारामच्या ऑफिसचं डोकं कधीच धड चाललं नाही. एका वर्षी भर मे महिन्यात बायकापोरांना किल्ल्यावर चढवलं, पुढच्या वर्षी बस घाटात बसली आणि सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पुलाव खाल्ला. पंचाण्णव सालच्या जानेवारीत वेल्फेअर कमिटीने ठरवलं, यंदा भाईंदर. दत्तारामने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सुलोचना पोळ्या लाटत होती. भाईंदरला बघण्यासारखं काय आहे, असं तिने विचारलं, तेव्हा तो जरा चाचरतच म्हणाला, की मिठाचं जुनं रेल्वे सायडिंग, मालगाडी भरायचे आडबाजूचे रूळ. तिथे म्हणे कोणीतरी मालगाडीच्या डब्यांची हॉटेलं केली आहेत आणि बोरिवली-ठाण्याहून बसच्या बस भरून लोक येतात. सुलोचनाच्या हातची पोळी फाटली.

कारण ती त्या सायडिंगवरच जन्मली होती. पेणकडून आलेल्या मीठवाल्या कुटुंबांची तिथे रुळांना लागून चाळ होती. मिठागरातलं मीठ आणून रुळांच्या कडेला त्याचे ढीग घालायचे, वर गवत शाकारायचं, आणि मग बायका डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहायच्या आणि ते मीठ वाघिणींत, म्हणजे मालगाडीच्या डब्यांत भरायच्या. निम्मा बाजार त्या वाघिणींवर जगायचा. पुढे मीठ ट्रकने जायला लागलं, वाघिणी येईनाशा झाल्या आणि सत्त्याऐंशी साली सायडिंगला टाळं लागलं. खानावळी बंद पडल्या, चाळ मोडली, आणि वर्षभरात त्या बाजूला कुत्रंही फिरकेनासं झालं.

सुलोचनाचा बाप महिपत हा तिथला मापारी. वाघिणीच्या दाराशी उभं राहून आत जाणारी प्रत्येक पाटी मोजायची, एवढंच त्याचं काम. पण ते काम असं, की रेल्वेचा बाबूसुद्धा त्याच्या शब्दावर सही करायचा. पहिल्या पाटीला तो एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा, लांब हेल काढून. मग दोन, तीन, चार, अशा आठशे पाट्या. शंभर झाल्या की एक खडा खिशात. वाघीण भरेपर्यंत मापाऱ्याने दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही आणि त्याच्याशीही कोणी बोलायचं नाही, कारण मोजणी मोडली तर अख्खी वाघीण रिकामी करून पहिल्यापासून भरायची असा तिथला कायदा होता. चाळीस बायकांची अर्ध्या दिवसाची मेहनत पाण्यात. भावाच्या, सदूच्या बाळंतपणात सुलोचनाची आई अडली होती, सुईण घाबरली होती. निरोप घेऊन आलेला माणूस महिपतसमोर नुसता हात जोडून उभा राहिला. महिपतने त्याच्याकडे बघितलं, वाघीण पुरी केली आणि मग धावत सुटला. आईने हे त्याला मरेपर्यंत ऐकवलं. पण ऐकवताना तिचा आवाज असा असायचा, की ऐकणाऱ्याला कळावं, बाईला नवऱ्याचा अभिमान आहे.

सुलोचनाला मात्र त्या मिठाची लाज वाटायची. लग्न होऊन मुलुंडला गेल्यावर, सोसायटीत, दत्तारामच्या ऑफिसच्या मंडळींत, कोणी विचारलं की ती सांगायची, वडील रेल्वेत होते. ऐकणारा मनाने त्यांना स्टेशनमास्तर करून टाकायचा आणि ती करू द्यायची. आई गेल्यावर महिपत सदूकडे पेणकरपाड्याला राहायला गेला. मुलुंड ते पेणकरपाडा हे काही सात समुद्रांचं अंतर नाही. तरी तिला तिकडे पाऊल टाकून दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. सदूने मध्ये एकदा वाण्याच्या फोनवरून सांगितलं, की आबा कामाला लागलेत, मजेत आहेत. कुठे, कसल्या, हे तिने विचारलं नाही. वाण्याचा फोन, उगाच लांबवायचा कशाला, असं तिने स्वतःला समजावलं. समजावायला काय, माणूस स्वतःला काहीही समजावतो.

बस काशिमीऱ्यावरून वळली आणि पेणकरपाड्याच्या वस्तीजवळून जायला लागली तेव्हा दत्ताराम हळूच म्हणाला, की जेवणानंतर जाऊन यायचं का आबांकडे, आपण दोघंच. त्याने चांगल्या मनाने विचारलं होतं. सुलोचना म्हणाली, एवढ्या लोकांसमोर कशाला, पुन्हा कधीतरी येऊ. आणि ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसली.

फाटक ओलांडून बस सायडिंगपाशी आली, आणि सुलोचनाला ती जागा आधी ओळखूच आली नाही. रस्त्यावर रिक्षांची रांग होती. शेंगा, बोरं, सुके बोंबील, गॉगल, सगळ्याच्या गाड्या लागल्या होत्या. कमानीवर बोर्ड होता, 'सॉल्ट स्टेशन'. आत गंजक्या वाघिणींना गुलाबी आणि पोपटी रंग फासला होता, खिडक्या कापून पडदे लावले होते आणि वेटर पोरं गार्डच्या टोप्या घालून फिरत होती. एका चुलीशी भजी तळणाऱ्या दोन बाया तिच्या चाळीतल्याच होत्या. त्या बऱ्या दिसत होत्या, अंगावर धड लुगडी होती, हसत होत्या. सात वर्षं मेलेल्या गावात पुन्हा धूर निघत होता हे खरं होतं, आणि कोणाला वाईट वाटायचं तर त्याने आधी त्या बायांची चूल बघावी. हे सुलोचनालाही कळत होतं. तरी तिचं डोकं तापायला सुरुवात झाली होती, कारण गवत शाकारलेल्या त्या मोठ्या ढिगात मीठ नव्हतंच. खाडीतली रेती होती, वरून चुना मारलेली.

या सगळ्याचा मालक चंदन. मिठाच्या ठेकेदाराचा मुलगा. लहानपणी महिपतच्या खांद्यावर बसून वाघिणी बघायचा तो. आता पांढरे बूट घालून, हातात माइक घेऊन सगळ्यांचं स्वागत करत होता. त्याने सांगितलं, की जुन्या काळी इथले कामगार नाचत-गात मीठ भरायचे. सुलोचनाच्या आईच्या तळपायांना मिठाने भेगा पडल्या होत्या, त्यात ती रात्री मेण वितळवून भरायची. नाचत-गात म्हणे. मग चंदन म्हणाला, आता बघा आपला स्टार, पूर्ण इंडियात असा माणूस नाही भेटणार. आणि वाघिणीच्या मागून महिपत आला.

एकाहत्तर वर्षांचा म्हातारा. जानेवारीचं खाडीचं वारं सुटलेलं, आणि अंगात काही नाही. कमरेला लाल रुमाल, गळ्यात शिंपल्यांची माळ, तोंडाला पांढरी पावडर. उभ्या जन्मात हा माणूस कामावर खाकी हाफपँट आणि धुतलेला पांढरा सदरा घातल्याशिवाय गेला नव्हता, खिशाला दोन पेन्सिली लावून. सुलोचनाच्या शेजारी दत्ताराम ताडकन उभा राहिला आणि तिच्याकडे बघायला लागला. ती जागची हलली नाही. महिपत दाराशी उभा राहिला आणि त्याने हेल काढला, लाऽऽभ. मंडळी खो खो हसली.

हसण्यावर थांबलं असतं तरी एक वेळ गिळलं असतं. पण खरा खेळ पुढेच होता. लोकांनी झिरमिळ्या लावलेल्या प्लास्टिकच्या पाट्या घेऊन रांगेत जायचं, रेती वाघिणीत टाकायची, आणि म्हाताऱ्याची मोजणी चुकवायची. ओरडा, प्रश्न विचारा, काहीही करा. "जो म्हाताऱ्याला चुकवेल त्याला कोल्ड्रिंक फ्री," चंदन माइकवर म्हणाला. "चार महिने झाले, अजून कोणी माई का लाल चुकवू शकला नाही."

मग काय विचारता. ऑफिसातले चांगले शिकलेसवरलेले लोक, पोरांच्या गृहपाठावर सह्या करणारे, रांगेत उभे राहून एका म्हाताऱ्याच्या कानात ओरडायला लागले. सतरा, नव्वद, पाचशे. कोणी शिट्टी वाजवली. साहेबांच्या बायकोने, ममता मॅडमने, डोक्यावर पाटी घेऊन त्याच्या गळ्यात हात टाकला आणि फोटो काढून घेतला. डिस्पॅचमधल्या एका घोड्याने बाटलीतली स्ट्रॉ काढून म्हाताऱ्याच्या कानात घातली. महिपत मोजत राहिला. अडतीस, एकोणचाळीस. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, पण आकडा हलत नव्हता.

सुलोचना उठली. ती रांगेत शिरली नाही, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आबा म्हणाली. महिपतने तिच्याकडे बघितलं. ओळखलं, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याने पंजा वर केला, ती लहान असताना करायचा तसा, थांब म्हणून. बेचाळीस, म्हणाला. ती पुन्हा आबा म्हणाली. त्रेचाळीस. मागून चंदन हसत म्हणाला, की मॅडम, नुसत्या हाकेने नाही होणार, काहीतरी तगडं करा.

तेव्हा सुलोचना त्या सगळ्यांकडे वळली, साहेबांकडे, ममता मॅडमकडे, त्या स्ट्रॉवाल्याकडे. "हा माझा बाप आहे," ती म्हणाली. "रेल्वेत नव्हता. मीठ मोजायचा. आणि मी याची मुलगी आहे."

 ममता मॅडमने डोक्यावरची पाटी उतरवली. पुढची पाटी आत पडली, महिपतने तोंड उघडलं, आणि आकडा आला नाही. त्याने ओठ हलवले, कमरेपाशी नसलेला खिसा चाचपला, पुन्हा तोंड उघडलं. बायकोचा जीव जात असतानाही ज्याची मोजणी मोडली नव्हती, तो माणूस चव्वेचाळीसवर अडकून उभा राहिला. मागून कोणीतरी चेकाळून म्हणालं, की चुकला, कोल्ड्रिंक मॅडमचं.

महिपत वाघिणीमागे निघून गेला. सुलोचना त्याच्या मागे गेली आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बोलून बसली. त्या चंदनला शिव्या घातल्या, सदूला घातल्या, ही माळ आधी काढून फेका म्हणाली, आत्ताच्या आत्ता मुलुंडला चला म्हणाली. म्हातारा रुमालाने तोंडाची पावडर पुसत ऐकत राहिला. तिला वाटलं तो रडेल. तो भडकला होता.

"चंदनला कशाला बोलतंस?" तो म्हणाला. "तो घरी आला, मना इचारलं, मी हो बोललो. ह्या कपड्याची लाज हाय मना, न्हाय कशी? पन चार म्हयने हजारभर मानसं कानात वरडली, एकाला बी मोजनी मोडता न्हाय आली. आज तू मोडलीस."

ती म्हणाली, की माझ्याने बघवेना. त्यावर तो म्हणाला, की दोन दिवाळ्या मी वाट बघत होतो, तेव्हा तुला काही बघायचंच नव्हतं. आणि तिला बाजूला सारून तो पुन्हा दाराशी गेला. वाघीण रिकामी करा म्हणाला. चंदनला आधी तो विनोद वाटला, पण म्हातारा हलेना, म्हणून भजीवाल्या दोघींनी येऊन फावड्याने ती रेती बाहेर ओढली. त्यांना कायदा ठाऊक होता. महिपतने पुन्हा हेल काढला, लाऽऽभ.

सुलोचनाला एकच सुचलं. ती जाऊन बापाच्या शेजारी उभी राहिली, रांगेकडे तोंड करून. स्ट्रॉवाला पाटी घेऊन आला तेव्हा तिने त्याला सांगितलं, की ओरडायचं असेल तर आधी माझ्याकडे बघ आणि मग ओरड. त्याने रेती टाकली आणि मान खाली घालून गेला. त्याच्यामागचाही गप्प गेला. दत्ताराम स्वतः पाटी घेऊन दोनदा येऊन गेला, चप्पल काढून. सुलोचनाला वाटलं, जिंकलो आपण. इतक्या वर्षांनी बापासाठी काहीतरी केलं.

पण ओरडायचं नसेल तर रेती कोण वाहणार? पोरं क्रिकेटकडे वळली. बायका भजी खायला गेल्या. साहेब मंडळी लवून नमस्कार करून, फार छान, फार छान म्हणत पांगली. चंदनने माइक बंद केला आणि घड्याळात बघितलं. दीडशेच्या पुढे सुलोचनाने स्वतः पाटी उचलली; रांगेत दत्ताराम आणि ती, दोघंच राहिले. दोनशे झाल्यावर चंदनने हाताने बस्स अशी खूण केली, आणि महिपतने शेवटचा आकडा मोठ्याने, हेल काढून म्हटला. ऐकायला कोणी नव्हतं.

"बघ," तो सुलोचनाला म्हणाला. "सगले गेले."

"मी आहे ना, आबा."

"तू पाच वाजता बशीत बसशील."

नाही बसणार, आज राहते, असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिला ते अगदी खरं वाटत होतं. मग पाच वाजले. घरी ठेवलेल्या मुलीची सोमवारी परीक्षा होती. दत्तारामच्या प्रमोशनचा कागद साहेबांच्या टेबलावर होता आणि साहेब दोनदा बसमधून वाकून बघून गेले होते. सदूच्या खोलीत अंग टाकायलाही जागा नव्हती. कारणं होती, आणि एकही खोटं नव्हतं. महिपत सदरा चढवून कमानीपर्यंत आला. पुढच्या रविवारी येते, असं तिने सांगितलं, तेव्हा त्याने मान हलवली. बस सव्वापाचला सुटली, आणि सुलोचना तिच्यात बसलेली होती.