बारक्याला दिलेला आराम

बॉल बारक्याच्या पुढ्यातून गेला आणि बारक्या नुसता बघत राहिला.

“अरे धाव! झोपलास काय?” दिपक रेषेबाहेरून ओरडला.

बारक्या धावला, पण कसा, तर नावडत्या पाहुण्याला पाणी द्यायला उठावं तसा. तेवढ्यात सागर क्लबच्या पोरानं बॉल उजवीकडे काढून दिला. मागे बाबल्या जिवावर उदार होऊन आडवा पडला, म्हणून गोल वाचला. आशागडच्या मैदानाकडेला दाटीनं उभ्या असलेल्या उधव्याच्या माणसांनी रोखलेला श्वास सोडला. दिपकनं मात्र पाण्याच्या बाटलीला लाथ घातली.

आज जिंकलं तरच उधव्याचा संघ जिल्ह्याच्या वरच्या गटात जाणार होता. बरोबरी झाली तर डहाणूचा सागर क्लब वर, आणि उधवा पुन्हा वर्षभर खाली. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायचीही सोय नव्हती. कप्तान बाबल्याचे गुडघे बोलायला लागले होते, आणखी दोघं कायमचे सुरतेला जायच्या बेतात होते. हा संघ असा पुन्हा जमणार नव्हता, हे दिपकला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच तो जमवला होता. आठवडाभर टेम्पोतून चिकूचे क्रेट वाहायचे, शनिवारी सराव, रविवारी मॅच, असं त्याचं चाललं होतं.

यंदा त्यानं पोरं जपून वापरली होती. पाड्यावरचीच पोरं ती, कुणी वापीला कंपनीत, कुणी चिकूच्या वाडीत. सगळ्यांना सगळ्या मॅच खेळवल्या तर शेवटी एकाच्याही पायात जोर उरत नाही, हे दोन वर्षं भोगून झालं होतं. म्हणून दर मॅचला दोघातिघांना आळीपाळीनं बसवायचं. मांडणी ठरलेली: चार मागे, चार मध्ये, दोन पुढे. मधल्या चौघांत बारक्या, आणि सगळा खेळ त्याच्या पायातून फिरायचा. त्याला आजच्यासाठी राखायचं म्हणून दिपकनं गेल्या रविवारी त्याला बाहेर ठेवलं. पाडा तोंडावर बोलला, डोकं फिरलंय याचं म्हणून. ती मॅच रडतखडत एका गोलानं जिंकली, तेव्हा कुठं दिपकच्या जिवात जीव आला. काल तर त्यानं बारक्याला सरावालाही बोलावलं नव्हतं. पाय वर करून पड, एवढंच सांगितलं होतं.

पाडा बोलला तरी मनातून आपल्याला मानतो, याबद्दल दिपकला शंका नव्हती. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो टेम्पो लावून घरी आला, तर त्याच्या शेतातला भात कापून, भारे बांधून तयार. पाड्यावर कापणीला मजूर लावत नाहीत. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तुझ्या घरच्या माणसानं दुसऱ्याच्या शेतात दिवस भरायचा. ज्या घरचं माणूस येत नाही, त्याच्या शेतात कुणी पाऊल टाकत नाही. दिपक तर या हंगामात कुणाच्याच शेतात गेला नव्हता, आणि बायकोच्या कडेवर तान्हं पोर. तरी लोक आले! संघ वर नेतोय म्हणून हा मान, असं त्यानं धरलं आणि चार दिवस छाती काढून हिंडला.

मध्यंतराची शिट्टी झाली. गोल कुणाचाच नव्हता. पोरं सावलीत येऊन बसली. बारक्यानं बूट काढले, तशा त्याच्या पोटऱ्या दिपकच्या नजरेस पडल्या. धसकटांचे ताजे ओरखडे. डाव्या हाताच्या बोटाला चिंधी.

“काल कुठं होतास?”

बारक्या चिंधी घट्ट करत राहिला.

“तुला विचारतोय मी.”

“कापणीला गेलेलो, दादा.”

“दिवसभर?”

“हां.”

“आणि गेल्या रविवारी?”

“तेव्हापण.”

दिपकच्या डोक्यात सणक गेली. “मी अख्ख्या पाड्याच्या शिव्या खाल्ल्या तुझ्यासाठी! तुला आराम दिला, आणि तू विळा घेऊन नाचत होतास? कुणाच्या शेतात? कुणासाठी?”

बारक्यानं मान वर केली, बाबल्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. बाबल्या उठून जवळ आला.

“दादा, त्याला काढू नको. हळू खेळला तरी तोच पायजे आपल्याला.”

“संघ कोण निवडतो? तू का मी?” दिपकनं बाहेर बसलेल्या नविनला हाक मारली. “नविन, चल, कपडे काढ. मध्ये तिघंच राहा, पुढे तिघं. गोल पायजे.”

नविननं जर्सी सारखी केली, पण तो हलेना. “दादा, ऐक ना...”

“आत जा म्हटलं ना!”

या स्पर्धेत बाहेर आलेला खेळाडू परत आत जात नसे. बारक्यानं टॉवेल डोक्यावर घेतला आणि रेषेच्या कडेला जाऊन बसला.

नवी मांडणी धड बसेना. पुढे तिघं उभे, पण त्यांच्यापर्यंत बॉल नेणारं मध्ये कुणी नव्हतं. नविन जीव तोडून पळत होता, पण पळायचं कुठं तेच त्याला कळत नव्हतं. सागर क्लबला बरोबरी चालणार होती, त्यांनी दहाही जण मागे नेऊन बसवले. वेळ भराभर सरत होता.

त्याची बायको निलम पोराला कडेवर घेऊन त्याच्याजवळ आली.

“बारक्याला का काढलंस?”

“आत्ता नको, निलम.”

“का काढलंस, सांग.”

“कापणीला गेला होता! आराम सोडून लोकांच्या शेतात मरत होता.”

“बुधीबाईच्या शेतात होता. कुणाच्या घरचा दिवस भरत होता, ते विचारलंस?”

“कुणाच्या?”

“आपल्या.”

दिपकनं पहिल्यांदाच मैदानावरची नजर काढली.

“मला पोरामुळं जाता येत नाय. शनिवार-रविवारी सगळीकडं कापण्या, आणि तू इथं,” निलम म्हणाली. “पयल्यांदा बाबल्या आला. म्हणाला, दादानं मला या रविवारी बसवलाय, मी जातो तुमच्या घरचा म्हणून. मग नविन गेला. मग तू ज्याला ज्याला बसवलंस, तो तो गेला. त्याबिगर आपल्या शेतात कोण आलं असतं?”

“मला कुणी बोललं का नाय?”

“तू जाऊ दिलं असतंस?” तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. “मला म्हणाले, वहिनी, दादाला सांगू नको, मॅच होईपर्यंत. मीपण मूग गिळून बसले. काल तरी त्याला घरी ठेवायला पायजे होता. चुकलंच माझं.”

दिपकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बारक्याकडे पाहिलं. टॉवेल गळ्यात टाकून बारक्या गुडघ्यांवर उभा राहून ओरडत होता, “नविन, डावीकडं सोड! डावीकडं!” नविननं ऐकलं. बॉल डावीकडे गेला, तिथून पुढे, आणि सागर क्लबच्या पोरानं उधव्याच्या पोराला गोलसमोर, पेनल्टीच्या रेषेबाहेर पाडलं. रेफ्रीनं शिट्टी मारली.

फ्री किक. अगदी बारक्याची जागा. या जागेवरून त्यानं यंदा कितीदा तरी गोल केले होते. मैदानातली पोरं सवयीनं रेषेकडे बघायला लागली, आणि मग त्यांनी माना वळवल्या. बाबल्यानं बॉल ठेवून नविनला पुढे ढकललं. नविननं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि मारला. बॉल आडव्या उभ्या पोरांच्या भिंतीवरून गेला, सुरेख गेला, दांडीवर ठण्णकन आदळला आणि माघारी आला.

थोड्याच वेळात मॅच संपली. सागर क्लबच्या पोरांनी आपल्या कोचला खांद्यावर घेतलं. नविन गोलसमोर तोंड झाकून बसला होता, त्याला बाबल्यानं उठवलं.

दिपक बारक्यासमोर जाऊन उभा राहिला.

“तू काढलंस ते बरोबरच होतं, दादा,” बारक्याच म्हणाला. “पाय उचलतच नव्हते. मला वाटलं, सकाळपर्यंत होतील मोकळे.”

“बारक्या...”

“जाऊ दे ना. चल, टेम्पो काढ. उद्या परत बुधीबाईकडं जायचंय, आमच्या घरचा दिवस आहे. तिचं निम्मं शेत उभंच आहे अजून.”

परतताना चारोटीला चहासाठी थांबायची पोरांची पद्धत होती. आज थांब म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि दिपकनंही टेम्पो थांबवला नाही.

सोमवारी सकाळी बुधीबाई शेतात माणसं लावत होती. कापायचा पट्टा ज्याला त्याला वाटून देत होती. बांधावरून दिपक येताना दिसला, तशी ती कमरेवर हात ठेवून थांबली.

“तू कसा काय? तुझ्या घरचा दिवस झाला की परवा.”

“माहीत आहे. मी बारक्याच्या घरचा आलोय.”

“मग बारक्या कुठंय?”

“त्याला आराम दिलाय. त्याच्या आईला सांगून आलोय, उठवू नको म्हणून.”

बुधीबाईनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याच्या हातातला विळा घेतला, धारेवरून अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि आपल्याजवळचा दुसरा त्याच्या हातात दिला.

“मध्ये नको. मध्ये हाताला जोर असलेली माणसं लागतात,” ती म्हणाली. “तू त्या कडेला राहा. आणि मागं पडलास तर काढीन, आधीच सांगून ठेवते.”

“बरं,” दिपक म्हणाला आणि कडेला जाऊन वाकला.