मध्येच थांबणारे गाणे

मी एक जुनी पायपेटी आहे. मित्रांनो, हातपेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण. खालच्या दोन फळ्या पायांनी आळीपाळीने दाबल्या की माझा भाता हवेने भरतो, आणि मगच मी गाते. म्हणजे माझा श्वास वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांत असतो.

एका कारागिराने मला मन लावून घडवले आणि मी शाळेच्या गाण्याच्या खोलीत आले. गाण्याच्या बाईंनी माझे फार लाड केले. पाहुणे माझ्या आवाजाचे कौतुक करत, तेव्हा मी फुशारून जात असे.

मग बाईंचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाला. एका लांब ओळीच्या मध्येच नेमकी कळ यायची, पाय थांबायचा, माझा सूर बसायचा. बाई गुडघा चोळायच्या, मुले गप्प उभी राहायची, मग गाणे पुढे निघायचे. सांधा पार झिजला आहे, ऑपरेशनने फरक पडेल, पण निर्णय तुमचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

"आहे तो गुडघा निदान माझा आहे. नवा रुसून बसला तर पेटीवर कोण बसणार?" बाई सुनेला म्हणायच्या. सून त्यांना न्यायला यायची. "आई, मी काही बोलत नाही," असे म्हणून ती दारापर्यंत ऑपरेशनचेच बोलत जायची.

शाळेच्या कार्यक्रमात बाईंनी दुसऱ्या शिक्षिकेला वाजवायला बसवले. तिचे पाय धडधाकट, माझा भाता भरलेला. आणि त्याच ओळीच्या मध्येच सगळी मुले एकदम गप्प झाली. मी एकटीच गात राहिले. बिचाऱ्यांना वाटत होते, गाणे असेच असते.

बाईंचा चेहरा उतरला. "माझं दुखणं मी पोरांच्या गाण्यात घातलं," त्या सुनेला म्हणाल्या. "डॉक्टरांकडून तारीख घे."

नंतर मी धूळ खात पडले. कुणी माझ्यावर खुर्च्या रचल्या, एका फळीचा पट्टा तुटला. बाई परत येतील का, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

आणि एका सकाळी बाई काठी टेकत आल्या. पट्टा बसवून घेतला, काठी भिंतीला लावली, पाय फळ्यांवर ठेवले. तीच ओळ आली. मुले सवयीने थांबली. बाई थांबल्या नाहीत! माझा सूर भरभरून पुढे गेला आणि मुले हसत, धडपडत त्याला गाठायला धावली. दारात उभी असलेली सून डोळे पुसत होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झाडत जा, पट्टे तपासत जा. आणि घरातले कुणी चालता चालता मध्येच थांबत असेल, तर त्याची सवय करून घेऊ नका. काय दुखते ते विचारा. आमच्या खोलीत आता गाणे ओळ संपल्यावरच थांबते.