अण्णांच्या उशाची बेल

या बेलमधून दादाला एकच गोष्ट कमवायची होती: वडिलांची, अण्णांची शाबासकी. लहानपणापासून अण्णा त्याला गोगलगाय म्हणत आले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, तरी मान हलायची. दादाला तेवढी पुरणार होती.

अण्णांचं सगळं करणं बहिणीकडे, ताईकडे. ती पुढच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची, आणि मशीनच्या खडखडाटात मागचं काही कानावर येत नसे. दादा कारखान्यात सर्किटं जुळवणारा, म्हणून त्याने बॅटरीवरची बेल केली. अण्णांच्या हाताशी बटण, ताईच्या मशीनवर दिवा आणि भोंगा. आत संथ जातीच्या चिप्स. काम नसलं की त्या वीज जवळजवळ पीतच नाहीत.

"वर्षभर बॅटरीकडे बघू नकोस," तो म्हणाला. हिशेब चोख होता.

पण संथ हा शब्द त्याला डाचत राहिला. पुढच्या रविवारी त्याने त्या उपटून कारखान्यातल्या वेगवान चिप्स बसवल्या. पाय तितकेच, खाचा त्याच, अलगद बसल्या.

"दादा, अण्णांना बटण दाबायलाच अर्धं मिनिट लागतं. तुझी चिप धावून जाणार कुठे?"

"तू तुझी शिवण बघ."

"आणि ही चिप कोमट का लागतेय? कुणी दाबलंसुद्धा नाहीये."

"जागी आहे गं, म्हणून."

खरंच बोलला. ही जात नुसती बसूनही वीज पीत राहते. वेगाचा खर्च तो. कारखान्यात वीज भिंतीतून येते, कुणाला जाणवत नाही. दादाने चिप्स बदलल्या आणि बॅटरीचा वर्षाचा हिशेब तसाच ठेवला. अण्णांनी मान हलवली. दादा दिवसभर शीळ घालत होता.

महिनाही गेला नाही. भर दुपारी ताई गणवेशांच्या ढिगात होती आणि मागे अण्णांना ठसका लागला. ती नेहमीच्या वेळेला पाणी घेऊन गेली तेव्हा उशीर झाला होता. अंगठा बटणावर रुतलेला. दिवा लागलाच नव्हता.

तिने बेलचा डबा उघडला. चिप पहिल्यांदाच गार लागली.

"मशीनच्या नादात बाप गेला हो," मावशी सगळ्यांदेखत म्हणाली. ताईने दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"हो मावशी, माझंच लक्ष नव्हतं," ताई म्हणाली.

त्या वेगाची किंमत अण्णांनी जिवाने मोजली, ताईने अब्रूने. दादाच्या वाट्याचं अजून कुणी मागितलेलं नाही, आणि त्यानेही आपणहून दिलेलं नाही.