काळा की चंदेरी

माणूस आणि जनावर यांच्यात फरक असेल तर तो एवढाच, की जनावर आवाज ऐकतं आणि माणूस आवाजाचा अर्थ ऐकतो. ज्याचा कान गेला त्याची संस्कृती गेली, आणि ज्या समाजाचा कान गेला त्याचं पुढे काही खरं नाही. हा सिद्धान्त कानसेन दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहून, एक हात खिडकीबाहेरच्या जगाकडे करून मांडत होते, तेव्हा त्यांच्या पाठीमागे कपडे धुण्याचं यंत्र शिट्टीवर शिट्टी मारत होतं. माझं काम झालं, मला कुणीतरी मोकळं करा, असं ते बराच वेळ सांगत होतं. शेवटी आतल्या खोलीतून बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आल्या, कानसेनांना वळसा घालून गेल्या, यंत्राचं तोंड बंद केलं आणि परतताना म्हणाल्या, "छान चाललंय. आता ते कपडे तेवढे वाळत घाला, संस्कृती बुडायच्या आत."

कानसेन हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते लिफ्टचे तपासनीस होते. लिफ्टमध्ये शिरायचं, डोळे मिटायचे, आणि वर जाता जाता सांगायचं, "हिची वरची कप्पी रडतेय, महिनाभरात बसेल." कप्पी महिनाभरात बसायची. मग रविवारच्या बैठकीत त्यांना कानसेन हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतर तेवढंच त्यांच्याकडे उरलं. ही बैठक दातांच्या डॉक्टरांकडे भरायची. डॉक्टरांनी घरातल्या एका खोलीचं छोटं थिएटर केलं होतं: भिंतभर पडदा, चहूकडे स्पीकर, मऊ खुर्च्या. तिथे कुणी नवं काही आणलं, की आधी कानसेनांनी डोळे मिटून ऐकायचं आणि ते बोलेपर्यंत बाकीच्यांनी खोकायचंसुद्धा नाही, असा रिवाज होता. आठवडाभर ज्याला घरात "पाय वर घ्या, फरशी पुसायचीय" यापलीकडे कुणी काही म्हणत नव्हतं, त्याच्या एका वाक्यासाठी चार माणसं श्वास रोखून बसायची. अशा रविवारावर माणूस सहा दिवस काढतो.

आणि नेमका तोच रविवार आता जायच्या बेतात होता. कारण कानसेनांना ऐकू येईनासं झालं होतं.

सगळं नव्हे. दार आपटलेलं कळायचं, ट्रक कळायचा. गेलं होतं ते वरचं, बारीक, पातळ असं सगळं. पहिल्यांदा पाखरं गेली. "या भागातली पाखरं कुठे गेली गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाईंनी खिडकी उघडली, बाहेर पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. ती डावीकडे बरी चालली होती आणि उजवीकडे कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. "मशीनच्या खोलीत फार वर्षं काढलीत," ते म्हणाले आणि कानात घालायचं एक इवलंसं यंत्र दिलं. ते यंत्र घरी आलं त्या दिवसापासून मोज्यांच्या खणात मोजे ऐकत पडलं होतं.

"घाला की ते," बाई म्हणायच्या.

"आणि बँडमास्तर होऊ?"

बँडमास्तर हे बैठकीतले आधीचे कानसेन. एका रविवारी ते कानात यंत्र घालून आले. कुणी हसलं नाही, हेच वाईट झालं. सगळे एकदम प्रेमळ झाले. त्यांना दाराजवळची खुर्ची मिळाली, पाठीला उशी मिळाली, गुडघ्यांची चौकशी सुरू झाली. मत मात्र त्यानंतर कुणी विचारलं नाही. पुढे ते यायचेच बंद झाले, आणि ते येत नाहीत हे लोकांच्या ध्यानात यायलाही वेळ लागला.

अशात दातांच्या डॉक्टरांनी नवा रिसीव्हर घ्यायचं काढलं. रिसीव्हर म्हणजे सिनेमातला आवाज घेऊन तो खोलीभरच्या स्पीकरना वाटून देणारा डबा. कुणाला किती, कुणाला आधी, कुणाला मागून, हे सगळं तो ठरवतो. एका भांड्यातून अख्ख्या पंगतीला वाढणाऱ्या थोरल्या जावेसारखा. दुकानदाराने दोन डबे पारखायला आणून ठेवले होते. एक काळा, एक चंदेरी. दोन्हींची किंमत ऐकून डॉक्टरांच्या बायकोने माहेरी फोन लावला होता. "कानसेन म्हणतील तो ठेवायचा," डॉक्टरांनी जाहीर केलं.

त्या सकाळी कानसेन बाईंना म्हणाले, "तूही चल."

"मी? मला तिथे कोण विचारतंय?"

"म्हणूनच चल. माझ्यासमोर बस. जो डबा बरा वाटेल, तो वाजत असताना चष्मा नीट कर. बस, एवढंच."

बाईंनी बालवाडीत उभी हयात काढली होती. शेवटच्या रांगेत खोडरबराची देवाणघेवाण झालेली त्यांना फळ्याकडे तोंड असताना कळायची. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं त्या दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवणाऱ्या मुलाकडे पाहायच्या. मग चप्पल घातली.

"हे एकदाच हं," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून ते यंत्र."

"उद्यापासून," कानसेन म्हणाले. बुडत्याला उद्या म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

बैठकीत वकीलसाहेब आधीच पुढची खुर्ची अडवून बसले होते. कोर्टात सतत स्वतःचंच ऐकत आल्याने आवाजाची पारख आपल्याला आहे, अशी त्यांची जुनी तक्रार होती. "या कानसेन! आज वहिनींनाही आणलंत? अपिलाची तयारी दिसतेय!"

"घरी एकटी कंटाळते," कानसेन म्हणाले. बाईंनी ते ऐकलं आणि मुद्दाम सगळ्यांना कळेल अशी जांभई दिली.

तेवढ्यात दुकानदाराने मधल्या खुर्चीपाशी एक तिकाटणं उभं केलं आणि त्यावर माईक बसवला. "या दोन्ही मॉडेलना आता नवी सोय आहे," तो हात चोळत म्हणाला. "आधी माईक खोली ऐकतो. मग ज्याच्यासाठी सेट लावायचा, तो माणूस ऐकतो. बारीक बारीक टिटी वाजेल. ऐकू आली की रिमोटचं बटण दाबायचं. त्या माणसाच्या कानाची रेघ पडद्यावर निघते, आणि सेट त्या कानाच्या मापाने शिवून मिळतो. शिंप्याकडच्या कोटासारखा!"

"माझ्या कानाचं माप घेऊन काय करता?" दातांचे डॉक्टर म्हणाले. "दिवसभर कानाशी ड्रिल. खोलीतला उत्तम कान कुणाचा? त्याचंच माप घ्या. कानसेन, बसा!"

कानसेनांची नजर पडद्यावर गेली.

तीच रेघ. कानाच्या डॉक्टरांच्या कागदावर होती तेव्हा तळहाताएवढी होती, घडी घालून खिशात मावली होती. इथे ती भिंतभर निघणार होती, वकिलांच्या पुढ्यात. ते म्हणाले, मला सर्दी आहे. दुकानदार म्हणाला, सेट सर्दी धरून हिशेब करतो. ते म्हणाले, गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणाले, बसूनच ऐकायचंय. मग ते हात धुवायला म्हणून आत गेले आणि नळ सोडून तिथल्या खिडकीकडे पाहत राहिले. खिडकीतून मांजर गेलं असतं. सडपातळ असतं तर. त्यांनी आरशात पाहिलं. आरशात एक म्हातारा होता, आणि त्याला पाठीला उशी लावून कुणीतरी गुडघ्यांबद्दल विचारत होतं.

बाहेरून वकिलांचा आवाज आला, "बुडाले काय हो?" हा आवाज मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू आला. देवाचा काही न्याय नाही.

ते येऊन बसले. समोर, पडद्याच्या कडेला, बाई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. या परीक्षेबद्दल त्यांचं काहीच ठरलेलं नव्हतं. दुकानदाराने बटण दाबलं. खोली गप्प झाली. कानसेनांच्या दृष्टीने ती तशीच गप्प राहिली. एक क्षण गेला, आणखी एक गेला.

तेव्हा बाईंनी चष्मा नीट केला.

कानसेनांनी बटण दाबलं.

बाईंनी पुन्हा चष्म्याला बोट लावलं. कानसेनांनी पुन्हा बटण दाबलं. खाणाखुणा करणाऱ्या मुलांना पकडण्यात जिचा जन्म गेला, ती बाई आता पहिल्या रांगेत बसून अख्ख्या वर्गादेखत नवऱ्याला पेपर सांगत होती आणि चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. इतकं प्रेम तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीही केलं नसेल, असं कानसेनांना वाटलं आणि डोळे भरून आल्याने एक टिटी हुकली.

"आज डोळे उघडे?" वकिलांनी टोमणा मारला.

"खरा आवाज बघावा लागतो, वकीलसाहेब," कानसेन म्हणाले. दुकानदाराने हे वाक्य पाठ करून ठेवलं.

पडद्यावर रेघ निघाली. अंगणातल्या दोरीसारखी सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्ये तेवढी एक गाठ. दुकानदार दोन पावलं मागे सरला. "या वयात? साहेब, असा कान मी विशीतल्या पोरांचा पाहिला नाही!" टाळ्या पडल्या. वकिलांनी हळूच करंगळी कानात घालून फिरवून पाहिली. कानसेन मान किंचित लववून बसून राहिले. त्यांना वाटलं, निभावलं.

"चला, आता निकाल," डॉक्टर म्हणाले. "काळा की चंदेरी?"

काळा वाजला. पडद्यावर कुणी मुलगी जंगलातून पळत होती. कानसेनांना ती रजईच्या आतून पळत असल्यासारखी ऐकू आली. त्यांनी समोर पाहिलं. बाईंचा हात पर्सवर होता. चंदेरी वाजला. तीच मुलगी, तीच रजई. हात पर्सवरच. शिवाय बाई आता त्यांच्याकडे पाहतही नव्हत्या. मान वर करून छताकडे कुठेतरी पाहत होत्या, कपाळाला आठी घालून.

"पुन्हा लावा," कानसेन म्हणाले.

पुन्हा लागले. त्यांनी खोकून पाहिलं. बाईंनी चष्म्याला बोट लावलं नाही. उलट, चष्मा काढून नाक चोळलं, आणि याचा अर्थ काळा, की चंदेरी, की नुसतं नाक, हे कानसेनांना काही केल्या लागेना.

"पुन्हा."

"निकाल राखून ठेवताय की काय?" वकील म्हणाले. खोलीतली सगळी तोंडं त्यांच्याकडे वळली होती. खोटं एकच बोलायचं होतं, दोनांतला एक रंग सांगायचा होता, आणि पन्नास टक्के यश नक्की होतं. पण त्या सरळ रेघेखाली बसून त्यांची जीभ उचलेना. आज काळा म्हटलं, तर पुढच्या रविवारी आणखी काही आणतील. त्याच्या पुढच्याही रविवारी. आणि बाईंनी सांगितलं होतं, एकदाच.

"निकाल," ते म्हणाले, "ही सांगेल."

"वहिनी?"

"तिला विचारा." आणि कानसेन खुर्चीत मागे टेकले. आता काय व्हायचं ते होवो.

त्या थिएटरात पहिल्यांदाच सगळे बाईंकडे वळले. बाईंनी चष्मा सावकाश डोळ्यांवर चढवला. "खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "त्या टिट्या तेवढ्या सुट्या कळल्या, पण या दोन्हींतलं मला काही धड ऐकूच आलं नाही. हा पंखा केवढा किंचाळतोय!"

सगळ्यांनी माना वर केल्या. पंखा फिरत होता.

"हो, म्हणजे... आहे खरा," वकील म्हणाले. "थोडासा."

"मी मघापासून म्हणणारच होतो," दुकानदार म्हणाला.

डॉक्टरांनी अत्यंत गंभीरपणे मान डोलावली. कानसेनांनी या तीन चेहऱ्यांकडे पाहिलं. भुवया जरा उंचावलेल्या, मान थोडी कलती, ओठांवर जाणत्याचं हसू. हा चेहरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. गेलं वर्षभर दाढी करताना ते रोज तोच घासत होते. त्यांच्या छातीवरचं ओझं इतकं अचानक उतरलं, की त्यांना मोठ्याने हसू आलं, आणि ते सर्दीच्या नावावर खपवावं लागलं.

"आल्यापासून चाललंय हो डॉक्टर," बाई म्हणाल्या. "काळा ठेवा नाहीतर चंदेरी ठेवा, पण आधी त्याला थेंबभर तेल घाला ना."