शेवटच्या सायकलवरचा पंप

मित्रांनो, मी सायकलमध्ये हवा भरायचा एक जुना पंप आहे. आता माझा दांडा गंजला आहे, आतलं चामडं वाळून कडक झालं आहे आणि मला कुणी हात लावत नाही. पण भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हा चार सायकलींचा जीव माझ्या नळीतून चालत होता.

मला दुर्गच्या बाजारातून केवलरामने आणलं. केवलराम भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. कारखान्याच्या बांधकामावर तो खलाशी होता, म्हणजे अवजड लोखंड दोर आणि साखळ्या लावून वर चढवायचा. रुआबांध्याजवळच्या कामगारांच्या झोपड्यांत तो राहायचा. तेजराम, शालिकराम आणि बळीराम हे त्याचे सोबती. चौघांची बोली एक, काम एक, आणि रविवारची सुट्टीही एक. त्या सुट्टीत ते सायकली काढून दूर नदीवर जायचे.

जाण्याआधीची तयारी मला फार आवडायची. शनिवारी संध्याकाळी केवलराम सगळ्यांच्या सायकली अंगणात उभ्या करायचा. टायर अंगठ्याने दाबून बघायचा, साखळीला तेल द्यायचा, ब्रेक ओढून पाहायचा. रस्त्यावर त्याची शिस्त होती. मुरमाच्या त्या रस्त्यावर कारखान्याचे ट्रक सारखे धुरळा उडवत जात, म्हणून दोघांपेक्षा जास्त जणांनी शेजारी शेजारी चालायचं नाही. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने ओरडून मागच्याला सांगायचं. वळण आलं की थांबायचं, आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

शेवटचा माणूस नेहमी बळीराम असे. त्याची सायकल जुनी होती आणि गुडघा दुखरा. म्हणून केवलरामने मला त्याच्याच सायकलला अडकवलं होतं. पुढच्या कुणाची हवा गेली तर मागून बळीराम येणारच, आणि त्याच्याबरोबर मीही. बळीराम हसून म्हणायचा, "तुम्ही जा बिनघोर. मी हावो ना मांगं."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. नदीवर पोचलं की चौघे शेजारी बसत, पण आपापल्या डब्यातलंच खात. बळीराम आणि त्याची बायको रुक्मा यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला होता. बाकीचे तिघे जुन्या वळणाच्या घरांतले. कुणी कुणाला काही बोलत नसे, केवलराम तर बळीरामच्या घरी पाणीही प्यायचा, पण डबे वेगळे राहायचे ते राहायचेच. मग एका शनिवारी, तेल देता देता, केवलराम एकदम बोलून गेला, "बळीरामभाऊ, उद्या आमी कोणी डबा आणत नाही. वयनीच्या हातचे लाखोरीच्या डाळीचे वडे खाऊन राहू सारे."

बळीरामने त्याच्याकडे वळून विचारलं, "सारे खातील का जी?"

"सारेच खातील!" केवलराम म्हणाला. तेजराम आणि शालिकरामनेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बळीरामच्या सायकलला मोठा डबा बांधलेला होता. वड्यांचा वास मला सारखा येत होता. वाटेत शालिकरामचं पुढचं टायर मऊ लागलं. त्याची सायकल नवी कोरी होती आणि तिची त्याला भारी ऐट. त्याने मला घेतलं, हवा भरली, आणि घाईघाईत स्वतःच्याच सायकलला अडकवलं.

"पंप मांगं राहू दे ना गा," बळीराम म्हणाला.

"नदीवर देतो!" असं म्हणत शालिकराम निघालासुद्धा. तेजरामने त्याच्याशी शर्यत लावली. एरवी केवलरामने दोघांना शिटी मारून थांबवलं असतं. पण त्या दिवशी फाल्गुनातली मोकळी हवा होती, तो तरुण होता, आणि तोही पायडलवर उभा राहिला. वळण आलं. कुणीही थांबलं नाही.

मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. मी पुढे जात राहिलो. मागे बळीरामच्या चाकात बाभळीचा काटा शिरला होता. भोक अगदी बारीक होतं. मी जवळ असतो तर मधून मधून हवा भरत तो नदीपर्यंत सहज आला असता. सायकल ढकलत तो त्या वळणापर्यंत आला, झाडाखाली पुष्कळ वेळ बसला, आणि डबा घेऊन पायी परत गेला. हे सगळं मला नंतर कळलं.

नदीवर तिघे उपाशी बसले. "वापस गेला असन," शालिकराम म्हणाला.

"जाऊन पाह्यलं पाह्यजे," केवलराम म्हणाला.

"तपन पाय ना किती हाय!" उन्हाकडे हात करत तेजरामने सावलीत अंग टाकलं. मग केवलरामही बसून राहिला. संध्याकाळी परतताना बळीरामच्या घराकडे वळायचं त्याच्या मनात आलं. पण तोंड कसं दाखवावं, असं वाटून तो म्हणाला, "उद्या जातो." दुसऱ्या दिवशी जादा काम निघालं. मग आणखी काही निघालं. उद्याचा परवा होत गेला.

शेवटी एकदा मला शालिकरामकडून घेऊन, आपल्या सायकलला अडकवून तो गेला. रुक्मा दारात उभी होती. ती म्हणाली, "या भाऊजी. पाणी चालन का तुमाले?"

या घरचं पाणी केवलराम कितीदा तरी प्यायला होता. त्याचा चेहरा उतरला. "वयनी, असं कावून इचारता?"

"पहाटीच उठून वडे तळले होते जी. वस्तीतल्या पोराइले वाटून देल्ले. खायाचं नव्हतं तर आधीच सांगाचं होतं. आमच्या यायले उन्हात कायले सोडून देल्लं?"

"तसं नव्हतं वयनी! आमी शर्यत लावली. मांगं पाह्यलंच नाही."

आतून बळीराम बाहेर आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "केवलभाऊ, त्या रोजी मी बी हिले हेच सांगतलं. सांजच्याले येतील म्हटलं, बोलतील म्हटलं. रोज दाराकडं पाहून राहिलो. तुम्ही नाही आले. आता माह्याच मनाले पक्कं सांगता येत नाही."

केवलरामने मला पुढे केलं. "हा तुमच्याजवळच ठेवा."

"कायले? मी आता येत नाही, भाऊ."

थोड्याच महिन्यांत बळीरामला रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते दोघे गोंदियाकडे निघून गेले. कारखान्याची भट्टी पेटली, केवलरामला पक्कं क्वार्टर मिळालं. तेजराम आणि शालिकराम वेगवेगळ्या पाळ्यांत गेले. रविवारी सायकली बाहेर निघेनात. केवलरामने मला दारामागच्या खिळ्याला टांगलं. येता-जाता त्याची नजर माझ्यावर पडते आणि तो मान फिरवतो.

मित्रांनो, मला तेल द्या, माझं चामडं ओलं ठेवा, एवढंच सांगायला मी बोललो नाही. सोबत निघालात तर मागच्याला दिसेल असं चाला. आणि कधी विसरलात, कुणी मागे राहिलं, तर त्याच संध्याकाळी त्याच्या दारात जा. थकला असाल तरी जा, लाज वाटली तरी जा. टायरमधली गेलेली हवा मी दुसऱ्या दिवशीही भरून देईन. रुक्माच्या दारात मात्र दुसऱ्या दिवसापासूनच उशीर झाला होता.