सत्यभामाबाई उतरल्या नाहीत

जरा पुढं सरका, मायबाप, चटई रिकामी ठेवू नका. आज एका मोटारीची आणि तिच्या केवळराम ड्रायव्हरची गोष्ट सांगतो.

पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. गाडी भंडाऱ्याच्या केशवरावांची. रेस दिली की तिच्या पोटात खडाड-खडाड वाजे. पाय उचलला की गप्प. केशवरावांनी बजावलं होतं, “तूच गाडी खराब केली. आता आवाज आला तं सोमवारी चावी ठेवून घरी जाजो.” आणि त्या दिवशी तुलाराम महाराजांची कीर्तन मंडळी कोंढ्याला न्यायची, तर पहिल्याच चढाला खडाड!

वाटेत अड्याळला बाबुलाल मिस्त्रीचं गॅरेज होतं. महाराज गाडीत बसलेले आणि मिस्त्री खाली लोळतोय, हे केवळरामच्या मनाला पटेना. त्यानं मंडळी हात धरून उतरवली, पेटी-मृदंगही उतरवले. बाबुलालनं गाडी पळवून आणली.

“कुठं हाये आवाज?”

“आताच होता न भाऊ.”

“तुया कानात असन.”

मंडळी बसली, गाडी निघाली, वेशीवर पुन्हा खडाड. परत गॅरेज, परत सगळे खाली, गाडी परत मुकी. बाबुलालनं प्लग पुसले, कार्बोरेटर उघडला; काही नाही. गाडी पुन्हा वेशीवर वाजली. केवळराम दातओठ खात वळला. तिसऱ्यांदा दार उघडलं, तर टाळकरीण सत्यभामाबाई मागच्या सीटवर ठाण मांडून.

“उतरा न मावशी.”

“मी नाही उतरत. गुडघे का तू देले मले?”

“मिस्त्रीले पाहू द्या न.”

“पाहो बापा. मी का त्याच्या डोळ्यावर बसली?”

महाराज हसले. “पांडुरंगानं उठ म्हटलं तरी हे बाई इचारन, काहून?”

केवळरामला रडूच यायचं बाकी होतं. “जा मावशीसकट घेऊन,” तो बाबुलालवर खेकसला.

बाबुलालनं रेस दिली मात्र, मागून खडाड! तो तसाच उतरून गाडीखाली सरकला. सायलेन्सरची पट्टी तुटलेली. मागं वजन असताना रेस दिली की गाडी मागून दबे आणि नळी एक्सलवर आपटे. रिकाम्या गाडीत ती अधांतरी राही.

“अबे, रोग खाली उतरवून गाडी दाखवून राहिला होता तू मले,” बाबुलाल तारेनं नळी आवळत म्हणाला.

कोंढ्याचं कीर्तन दिवेलागणीला उभं राहिलं. सोमवारी चावी केवळरामच्याच खिशात होती.

मायबाप, आरतीला हात जोडाल तेव्हा सत्यभामाबाईंना आठवा. त्यांचे गुडघे शेवटपर्यंत दुखले.