नऊ जणांचे कागद

कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणारी ती छोटी लॅब दिराची होती, पण तिथला कागद न् कागद वहिनी सांभाळायची. नवरा गेल्यावर दिरानेच तिला तिथे बसवलं होतं. लेकीला घेऊन ती राहायचीही त्याच्याच घरी. कारागीर तिला वहिनीच म्हणायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे पॉलिशवाले काकासुद्धा.

मंगळवारी सकाळी दिराच्या नावाने मेल आली. करखात्याची तपासणी लागली आहे, सगळ्यांच्या पगारावरच्या कराचे दाखले अर्ध्या तासात पाठवा, मी साहेबांसमोर बसलोय, फोन करू नका.

दीर खरोखरच बाहेर गेलेला. वहिनीने हातातलं काम टाकलं, नऊही जणांचे दाखले शोधून जोडले आणि पाठवून दिले. वेळेत झालं म्हणून हुश्शही केलं.

दुपारी दीर आला तसं तिने विचारलं, "मिळाले ना कागद? सुटलो का तपासणीतून?"

"कसली तपासणी? मी डॉक्टरांकडे होतो. तीन कवळ्या परत केल्यात त्यांनी, बसत नाहीत म्हणून."

वहिनीने मेल पुन्हा उघडली. नाव दिराचं होतं, खालचा पत्ता भलत्याचाच. त्या दाखल्यांवर प्रत्येकाचं घर, जन्मतारीख, करखात्याचा नंबर, सगळं होतं.

दिराने केबिनचं दार लावून घेतलं. "कुणाला बोलू नका. निम्मे लोक सोडून जातील."

"पण त्यांच्या नावावर कुणी काही केलं तर?"

"करेल तेव्हा बघू. वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं घरात राहू दे."

केबिनला तीन बाजूंनी काच होती. एरवी तिला बरं वाटायचं, सगळी माणसं नजरेसमोर. आता मान वर केली की कुणी ना कुणी दिसायचंच. काकांनी एक टोपी उजेडाकडे धरली, फुंकर मारली आणि तिच्याकडे बघून हसले. साचेवाली बाई आत डोकावली.

"वहिनी, चेहरा का हो उतरलाय?"

"डोकं दुखतंय जरा."

बाईने आपल्या पर्समधली गोळी आणून दिली आणि पाणी घेऊन समोर उभीच राहिली. वहिनीला ती गिळावी लागली.

बुधवार तसाच गेला. बोलावं तर ज्याच्या छपराखाली लेक वाढतेय त्याच्याशी दगाबाजी, न बोलावं तर या नऊ जणांशी. इकडे आड, तिकडे विहीर. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून करखात्याच्या तक्रार विभागाला फोन लावला.

पलीकडची बाई म्हणाली, "त्यांना आजच सांगा. त्यांच्या नावाने दुसऱ्याच कुणी कराचं विवरण भरून परतावा उचलला, तर निस्तरायला वर्ष जातं. आधी कळवलं तर त्यांचं कराचं खातं थांबवता येतं."

वहिनी वर गेली आणि सगळ्यांना मशिनी बंद करायला लावल्या. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चूक माझी, म्हणाली. दिराच्या मूठ झाकण्याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

साचेवालीने विचारलं, "म्हणजे मी गोळी दिली, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मग काका म्हणाले, "रडगाणं नंतर. आता करायचं काय ते सांगा."

संध्याकाळपर्यंत एकेकाचा तक्रार विभागाला फोन झाला. सात खाती वाचली. काकांच्या आणि आणखी एकाच्या नावाने आदल्याच दिवशी कुणीतरी विवरण भरलं होतं. मंगळवारीच बोलले असते तर, हा विचार वहिनीच्या मनातून जाईना.

दिराने तिला काढलं नाही. तिला जायला दुसरी जागा नव्हती आणि त्याला दुसरं माणूस नव्हतं. घरी एकाच टेबलावर जेवायचं, पण बोलणं कामापुरतं. तिने एकच नियम घातला: मेलवर कुणी कागद मागितले की आधी समोरासमोर विचारायचं किंवा फोनवर आवाज ऐकायचा. दीर तो निमूट पाळतो.

साचेवाली महिनाअखेरीस सोडून गेली. आपले कागद तिने वहिनीच्या हातून पानागणिक मोजून घेतले.

दर सोमवारी काका केबिनमध्ये येतात आणि वहिनी त्यांच्यासाठी करखात्याला पत्र लिहिते. परवा पाचवं उत्तर आलं: प्रकरण विचाराधीन आहे.

"परत वाचा," काका म्हणाले. वहिनीने परत वाचलं.